आक्काचा फळा

माझ्या थोरल्या बहिणीबद्दल, आक्काबद्दल, काहीतरी लिहावं असं बरेच महिने मनात आहे. मला लिहायची सवय नाही. पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरी सरली. नकाशात रेघ चुकली तर खोडता येते. इथे कुठली चुकली ते मला कळेलच असं नाही. पण जे झालं त्याचा धक्का अजून अंगातून गेलेला नाही. बोलून तो कमी झाला असता, पण मी फारसा बोलतही नाही.

आक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. भिंतभर लाकडी बोर्ड, त्याला शेकडो भोकं, समोर उंच स्टुलांवर रांगेने बसलेल्या बायका. एक दोरी इकडच्या भोकात, दुसरी तिकडच्या, की दोन गावं एकमेकांशी बोलायला लागत. तिथला नियम असा की माणसं बोलायला लागली की आपल्या कानातला आवाज बंद करायचा. काहीजणी करायच्या नाहीत. आक्का करायची.

"अहो, गावातली सगळी लफडी तुम्हाला माहीत असतील," शेजारीण तिला चिडवायची.

"लाइन लागली की नाही, एवढंच मला माहीत असतं," आक्का म्हणायची.

शेजारणीचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

घरात मात्र आक्काचा नियम नेमका उलटा होता, आणि त्याला कारण होतं. मेहुणे एके दिवशी कामावरून घरी आलेच नाहीत. रस्त्यात चक्कर येऊन पडले होते आणि कोणीतरी भल्या माणसाने त्यांना कुठल्यातरी दवाखान्यात नेलं होतं. कुठल्या, ते कोणालाच माहीत नव्हतं. आक्काने आपल्या बोर्डावर बसून एकेका दवाखान्याची लाइन स्वतःच जोडली. मेहुणे सापडले तेव्हा बोलण्यासारखे राहिले नव्हते.

त्यानंतर तिने स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक छोटा फळा टांगला. वर पांढऱ्या रंगाने लिहिलं, 'कोण कुठे'. घरातून बाहेर पडणाऱ्याने खडूने लिहून जायचं, दूध आणायला गेला तरी. माझी बायको गेल्यावर मी आक्काकडे राहायला आलो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी न लिहिता केस कापायला गेलो. परत येतो तर आक्का जिन्यात उभी.

"पेन्सिल," ती म्हणाली. नकाशे काढायचो म्हणून ती मला पेन्सिल म्हणते. "या घरात पुन्हा कोणी हरवायचं नाही. खडू तिथे आहे."

तिचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, याच फळ्याखाली वाढला. हुशार, टापटिपीचा, बोलायला गोड. लग्नानंतर तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, तेव्हा त्याने आक्काच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं.

"आई, हा तुझा नवा फळा. खडूची कटकट नाही. तू तिकीट काढलंस की मेलवरून याला आपोआप कळतं आणि घरातल्या सगळ्यांना दिसतं."

आक्का इतकी खूश झाली की शेजारणीला बोलावून तिने ते दाखवलं. एक-दोन प्रवासांत ते वापरलं आणि मग विसरून गेली. फोनमध्ये इतकी चित्रं असतात, त्यातलंच एक ते.

एका दुपारी सून दारात उभी राहिली. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात नातीचा हात. सून दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते. "बाथरूममध्ये पाय घसरला," ती म्हणाली.

आक्काने तिच्याकडे नीट पाहिलं. "हे वाक्य कितीदा म्हणून बघितलंस?"

सून रडली नाही. चप्पल काढता काढता म्हणाली, "बसमध्ये. पूर्ण वाटभर."

"मग आता बास झालं. आत ये."

मी पाण्याचा पेला घेऊन तिथेच उभा होतो. मनात एकच येत होतं, की हा तोच मुलगा, ज्याला मी पट्टी धरून सरळ रेघ मारायला शिकवलं. मला ते खरंच वाटेना. त्याच्या गोड बोलण्याशी ते प्लास्टर कुठूनही जुळत नव्हतं.

भाचा दुसऱ्या दिवशी आला. आक्काने दाराची साखळी काढली नाही.

"आई, उघड. माझी बायको आहे आत."

"आहे. आणि आतच राहील."

"तू माझी आई आहेस की तिची?"

"तुझी. म्हणून तर उघडत नाही. उघडलं तर तू आणखी काही करशील आणि मला ते बघावं लागेल."

पुढे कोर्टकचेरी झाली. मुलगी आईकडे राहील आणि बापाने लांब राहावं, असं ठरलं. पण आमच्या घरासमोरचा फूटपाथ कोर्टाला दिसत नाही. तिथे चावीवाल्याची टपरी आहे. तिला टेकून भाचा रोज उभा राहायचा. करायचा काहीच नाही, नुसता वर बघायचा. सून मुलीला शाळेत सोडायला निघाली की अंतर ठेवून मागे चालायचा. नात खिडकीचे पडदे आपणहून ओढायला शिकली. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

शेवटी सुनेने लांबच्या शहरात नोकरी शोधली. मोठा दवाखाना होता, राहायला खोलीही देणार होते. तिथे गेल्यावर तो मागे येऊ नये, एवढंच आता महत्त्वाचं होतं. आम्ही फार जपून वागलो. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. सुनेच्या मेलचा पासवर्ड नवऱ्याला माहीत असण्याची भीती होती, म्हणून तिकिटं आक्काच्या मेलवर मागवली. नोकरीचं पत्र तिथेच आलं. मुलीच्या जन्माचा दाखला, कोर्टाचा कागद, सगळ्यांचे फोटो काढून तिथेच ठेवले. शेजारणीलासुद्धा आम्ही पत्ता लागू दिला नाही, आणि आक्काच्या दृष्टीने ही मोठीच कामगिरी होती.

मग एक चमत्कार झाला. टपरीपाशी भाचा दिसेनासा झाला.

"कंटाळला असेल," मी म्हणालो.

"कंटाळणाऱ्यातला नाही तो," सून म्हणाली, पण तिने त्या सकाळी पडदा उघडला. आम्ही चहा घेत बसलो. टोस्ट खाताना नात पायांनी टेबलाला लाथा मारत होती आणि कोणी तिला ओरडलं नाही. घरात बऱ्याच दिवसांनी मोकळी हवा आली होती.

आक्काचा फोन टिंग वाजला. तिने तो माझ्याकडे सरकवला. "चष्मा आत आहे. बघ रे काय म्हणतोय."

मी मोठ्याने वाचलं. "छान! तुमच्या घरातल्या एका सदस्याने तुमची सहल पाहिली आहे. प्रवासाचा आनंद वाटल्याने वाढतो!" खाली रंगीत फुगे वर जात होते. मला वाटलं जाहिरात असेल. मी हसलोसुद्धा.

सुनेच्या हातातला कप तिथेच थांबला. "कुठली सहल?"

तिने फोन घेतला. पडद्यावर सगळं मांडून ठेवलेलं होतं. गाडी, डबा, तारीख, दोघी मायलेकींची नावं, उतरायचं स्टेशन. त्याखाली नव्या दवाखान्याचा पत्ता, नकाशासकट. मी आयुष्यभर नकाशे काढले, पण असा अंगावर येणारा नकाशा पाहिला नव्हता. तळाशी दोन गोल फोटो होते. एक आक्काचा. दुसऱ्यात भाचा हसत होता आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, 'पाहिलं'.

टपरीपाशी तो का दिसत नव्हता ते आता कळलं. त्याला उभं राहायची गरजच उरली नव्हती.

"मी कोणाला सांगितलं नाही गं," आक्का म्हणाली. "खरंच, मी एका शब्दाने..." मग तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "फळा. तो फळा आहे हा."

सुनेचं बोट अ‍ॅप काढून टाकायला गेलं. आक्काने पटकन तिचं मनगट धरलं. प्लास्टर होतं तेच मनगट. दोघी दचकल्या आणि आक्काने हात सोडला.

"पुसू नकोस. पुसलंस तर आपल्याला कळलं हे त्याला कळेल."

"त्याने पाहिलं हे आपल्याला कळलंय, ते त्याला माहीत नसेल?"

"त्याने स्वतःचं तिकीट कधी यात टाकलंच नाही. त्याला कोण फुगे पाठवणार? पाहिलं की हे कळवतं, हे त्याला माहीतच नाही." आक्काने फोन उलटा करून ठेवला. "आपलं त्याला सांगतं, त्याचं आपल्याला. दोन्हीकडे बोलतं. असली बाई आमच्या एक्स्चेंजला असती तर तिला महिन्यात घरी बसवली असती."

पण ती नोकरी गेली. सुनेने शेजारणीच्या फोनवरून त्या दवाखान्याला येत नसल्याचं कळवलं आणि मग ती रडली. प्लास्टर घेऊन आली तेव्हा रडली नव्हती, त्या नोकरीसाठी रडली. शेजारणीने एका शब्दाने काही विचारलं नाही, हाही मला धक्काच होता.

दुसरी नोकरी शोधायची ठरली. त्याआधी आक्काने दंडक घातला: कागद आणि तिकिटं कशात ठेवायची ते नीट पारखून घ्यायचं. सुनेने आपला फोन पार कोरा केला, नवा मेल उघडला, आणि दोघी टेबलाशी बसल्या. एकेक अ‍ॅप घ्यायचं, ते काय काय मागतंय ते सुनेने वाचायचं, आक्काने उलटतपासणी करायची. शेजारीण नवीन कामवाली ठेवताना करते तशीच.

"हे म्हणतंय, फोनमधल्या ओळखीच्यांची नावं द्या."

"माझ्या ओळखीच्यांशी याचं काय काम?"

"त्यांना आपली सहल दाखवायला."

"बाहेर काढ याला."

"हे मेल वाचणार म्हणतंय. तिकीट शोधायला."

"माझी पत्रं फोडणार? तिकीट आपण आपल्या हाताने ठेवू. पुढे."

"हे आपण कुठे आहोत ते सतत बघणार."

"झोपल्यावरसुद्धा?"

"झोपल्यावरसुद्धा."

"आजी," नात म्हणाली, "झोपल्यावर आपण घरीच असतो. एवढंही त्याला कळत नाही?"

एक अ‍ॅप बरं वाटलं. दिसायला सुंदर, कागद छान लावून ठेवणारं. पण ते सगळं त्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहणार होतं. "फोन हरवला तरी परत मिळतं," सून म्हणाली. तिथे ती अडली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मुलीचा दाखला आणि कोर्टाचा कागद वाटेत हरवला तर करायचं काय?

"परत देतात म्हणजे त्यांच्याकडे प्रत आहे," आक्का म्हणाली. "ती कुलपात असेलही. पण किल्ली कोणाकडे?"

सुनेने वाचलं, पुन्हा वाचलं. ते धड लिहिलेलं नव्हतं. तेही गेलं.

शेवटी एक सापडलं. राखाडी रंगाचं, त्यात ना फुगे ना नमस्कार. नाव-पत्ता न विचारता उघडलं. कागद फोनमध्येच, वेगळ्या कुलपाआड. सुनेने इंटरनेट बंद करून बघितलं, तरी सगळं दिसत होतं. एक प्रत तिने कुलूप लावून बोटाएवढ्या पेन ड्राइव्हवर घेतली, ती स्वतःजवळ ठेवायला. नकाशाही असा निवडला, की जो घरूनच उतरवून घेता येतो, म्हणजे वाटेत कोणाला काही विचारावं लागत नाही.

"भलतंच रुक्ष दिसतंय," मी म्हणालो.

"तुझ्यासारखं आहे," आक्का म्हणाली. "विचारल्याशिवाय बोलत नाही."

त्या घरात बऱ्याच दिवसांनी सगळे हसले, मीही.

काही दिवसांनी नवी नोकरी ठरली. सून आनंदाने फोन घेऊन आक्काकडे आली. "आई, हे बघा, कुठे ते..."

आक्का ताडकन उठली. "थांब. दाखवू नकोस."

"अहो, तुम्हाला नको सांगू?"

"मला नको, मामांना नको. तुझ्या वकीलबाईंना सांग."

मला ते सहन झालं नाही. "आक्का, अगं नात आहे आपली. कुठे आहे ते कधीच कळायला नको? तुला?"

ती फळ्याकडे पाठ करून उभी होती. "उद्या तो इथे रागाने आला तर मी दार लावून घेईन, पेन्सिल. पण रडत आला तर? मी सांगून टाकीन. मी त्याची आई आहे. माझ्या पोटात ते राहणार नाही." मग सुनेकडे वळून म्हणाली, "लाइन तू लाव. मी कान बंद करते."

जुनी तिकिटं आम्ही रद्द केली नाहीत. ती गाडी सुटेपर्यंत भाचा स्टेशनवर असणार होता, म्हणजे रस्त्यावर नसणार होता. तेवढ्या वेळात सुनेने निघायचं. कशाने, कुठून, ते आम्ही विचारलं नाही. त्याने स्टेशनवरून लवकर परतू नये म्हणून आम्ही दोघं तिथे जायचं ठरवलं.

निघताना नातीने पाठीला दप्तर लावलं आणि सवयीने फळ्यापाशी जाऊन खडू उचलला. हात वर गेला. मग तिने मागे वळून आजीकडे पाहिलं. आक्काने तिच्या चिमटीतून खडू हळूच काढून घेतला.

"आज नको, बाळा."

"मग तुला कसं कळणार?"

आक्काने तिला जवळ घेतलं.

स्टेशनवर भाचा घड्याळाखाली उभा होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, हातात मुलीसाठी रंगांचा डबा. लांबून कोणाला वाटलं असतं, किती प्रेमळ बाप आहे.

त्याने आम्हाला पाहिलं, आमच्या मागे पाहिलं. "त्या कुठे आहेत?"

"नाहीत आल्या," आक्का म्हणाली.

"पण तिकीट तर..." तो मध्येच थांबला.

"तिकीट कोणी दाखवलं तुला?"

त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "आई, फोन दे."

तिने पर्समधून काढून दिला.

"पासवर्ड?"

"तुझी जन्मतारीख."

त्याने मेल पाहिले, मेसेज पाहिले, फोटो पाहिले, त्याचा तो फळा पाहिला. अंगठा भराभर चालत होता. गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली. त्या फोनमध्ये नवं काहीही नव्हतं.

"कुठे पाठवलंस त्यांना?"

"मला माहीत नाही."

"खोटं बोलू नकोस. दुधाला गेलो तर लिहायला लावायचीस तू! तुला माहीत नाही?"

"बघ माझ्याकडे. माहीत नाही."

त्याने पाहिलं. आणि खरं आहे हे कळताक्षणी त्याने तिचं मनगट धरलं. आक्काचं, आपल्या आईचं. धरलं आणि पिळलं. इतकं सरावाने, की चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. बाथरूममध्ये पाय घसरला नव्हता हे मला कधीचं माहीत होतं, पण माहीत असणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. माझ्या तोंडून आवाज निघाला. कसला, ते सांगता येणार नाही, पण आजूबाजूची माणसं वळली.

आक्का ओरडली नाही. हाताकडे बघत म्हणाली, "असंच धरलं होतंस ना?"

त्याने हात सोडला. फोन बाकावर ठेवला, त्याच्या शेजारी रंगांचा डबा ठेवला, आणि गर्दीत निघून गेला. आक्का बाकावर बसली. डबा तिने हातात घेतला नाही, पण तिथून उठायलाही तिला बराच वेळ लागला.

त्या संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला. "पोहोचल्या दोघी. सुखरूप आहेत. मुलगी म्हणाली, इथे..."

"बास, बास," आक्का म्हणाली. "लाइन लागली ना? पुढे नका सांगू." तिने फोन ठेवला आणि त्याच्यावर कितीतरी वेळ तळहात ठेवून बसली. मनगट काळंनिळं झालं होतं.

परवा मी वाचनालयातून घरी आलो तर आक्का नव्हती. फळा कोरा. मी आतल्या खोलीत पाहिलं, गच्चीवर पाहिलं, शेजारणीला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. पुष्कळ वेळाने आक्का पिशवी घेऊन सावकाश पायऱ्या चढत आली.

"कुठे गेली होतीस?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

ती धापा टाकत वरच्या पायरीवर थांबली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"खडू तिथे आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"माहीत आहे," आक्का म्हणाली, आणि चप्पल काढून आत गेली.